द्रष्टा, दृश्य आणि वर्गातला कॅमेरा

शिकवण्याच्या क्षणी शिक्षक शिकवण्यात गुंतलेला असतो, आणि जो एखाद्या क्रियेत पुरता गुंतलेला असतो त्याला त्या क्रियेकडे बाहेरून पाहता येत नाही, ही अडचण अध्यापनशास्त्राची आहे तितकीच तत्त्वज्ञानाचीही आहे. भारतीय दर्शनांनी तिचा विचार ‘साक्षी’ या संकल्पनेच्या आधाराने केला. साक्षी म्हणजे जे घडते ते पाहणारा, पण त्याचा कर्ता किंवा भोक्ता नसणारा. आधुनिक अध्यापनशास्त्राने याच अडचणीवर यंत्राचा तोडगा काढला, तो असा की वर्गात कॅमेरा ठेवावा, तास चित्रित करावा आणि तास संपल्यावर शिक्षकाने तो निवांतपणे पाहावा. एके काळी विद्यापीठांच्या प्रयोगशाळांपुरती असलेली ही सोय आज अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या द्विशिक्षकी शाळेपासून पाथर्डी-शेवगावकडच्या ऊसतोड कामगारांच्या गावांतील शाळांपर्यंत जवळजवळ प्रत्येक शिक्षकाच्या खिशात आली आहे. त्यामुळे यंत्र शिक्षकाच्या वतीने साक्षी होऊ शकते काय, आणि होत नसेल तर त्याच्याकडून नेमके काय मिळते, हा प्रश्न आता केवळ पंडितांचा राहिलेला नाही.

या तंत्राचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. १९६३ च्या सुमारास अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सूक्ष्म अध्यापन’ ही पद्धत विकसित केली. तीत छात्राध्यापक मोजक्या विद्यार्थ्यांसमोर काही मिनिटांचा पाठ घेतो, प्रश्न विचारणे किंवा उदाहरण देणे असे एकच कौशल्य त्यात साधतो, पाठाचे चित्रण पाहतो आणि सुधारून तोच पाठ पुन्हा घेतो. १९७० च्या दशकात बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील शिक्षणशास्त्राच्या केंद्रात या पद्धतीवर बरेच काम झाले आणि ती भारतीय अध्यापक महाविद्यालयांत स्थिरावली. सहा मिनिटे अध्यापन, सहा मिनिटे प्रत्याभरण, बारा मिनिटे पुनर्नियोजन, सहा मिनिटे पुनरध्यापन आणि सहा मिनिटे पुन्हा प्रत्याभरण, असे छत्तीस मिनिटांचे तिचे चक्र बी.एड. झालेल्या कोणालाही पाठ असते. मात्र भारतात आली तेव्हा ही पद्धत कॅमेरा तिकडेच ठेवून आली, कारण तो परवडणारा नव्हता, आणि त्याच्या जागी निरीक्षण तक्ता घेऊन मागे बसलेले सहाध्यायी आले. पडदा येथील शिक्षकाला भेटला तो वेगळ्याच रूपात: १९७५-७६ चा उपग्रह दूरचित्रवाणीचा प्रयोग असो की १९८४ मध्ये पुण्यात स्थापन झालेली बालचित्रवाणी असो, पडद्यावर दुसराच कोणी शिकवत असे आणि शिक्षक मुलांबरोबर बसून ते पाहत असे. शिक्षक स्वतः पडद्यावर आला तो मोबाइलमुळे, म्हणजे अगदी अलीकडे.

आजची साधने नुसते चित्रण करून थांबत नाहीत. चित्रफितीचा हवा तो तुकडा कापून वेगळा काढता येतो, ती संथ करता येते, एखाद्या क्षणावर बोट ठेवून तेथे टिपण जोडता येते (याला भाष्यांकन म्हणता येईल), आणि दोन शिक्षकांची एकाच क्षणावरची टिपणे शेजारी-शेजारी ठेवता येतात. या साऱ्यांतून काय हाती लागते हे एका साध्या तासावरून कळेल. समजा, जिल्हा परिषदेच्या एका शाळेत हातच्याची वजाबाकी चालू आहे. फळ्यावर ५२ वजा २७ असे उदाहरण आहे. शिक्षकाने दशकाची जुडी सोडून काड्या सुट्या करून दाखवल्या आहेत, ‘समजलं का?’ असे विचारले आहे, आणि वर्गाने एका सुरात होकार भरला आहे. तास चांगला झाला असे शिक्षकाला मनापासून वाटते. पण चित्रफितीत तिसऱ्या रांगेतला एक मुलगा होकार देता देताच वहीत ३५ लिहिताना दिसतो. सातातून दोन गेले पाच आणि पाचातून दोन गेले तीन, म्हणजे मोठ्यातून लहान वजा करायचे एवढा एकच नियम त्याने धरून ठेवला आहे आणि तो त्याने चोख पाळला आहे. फीत मागे नेली तर आणखी एक गोष्ट उघड होते: प्रश्न विचारल्यापासून शिक्षक स्वतःच पुढे बोलू लागेपर्यंत सेकंदभरही गेलेला नाही. शिक्षक प्रश्नानंतर सरासरी सुमारे एक सेकंदच थांबतात आणि हा अवकाश तीन सेकंदांपर्यंत वाढवला तर मुलांची उत्तरे लांबतात, एरवी गप्प असणारी मुलेही बोलू लागतात, असे मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या दशकात दाखवून दिले होते. हे वाक्य प्रशिक्षणात ऐकणे निराळे आणि आपलाच एक सेकंद डोळ्यांसमोर सरताना पाहणे निराळे. शिकवणाऱ्याच्या मनातले घड्याळ आणि वर्गातले घड्याळ एका गतीने चालत नाहीत, एवढे तरी यंत्र निर्विवादपणे सिद्ध करते.

येथपर्यंत तंत्राची बाजू झाली. अडचण पुढे आहे, कारण पडद्यावर जो दिसतो तो कोण, याचे उत्तर वाटते तितके सरळ नाही. याच जिल्ह्यातील नेवासे येथे प्रवरेच्या काठी शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, ज्ञानदेवांनी गीतेवरील भावार्थदीपिका सांगितली. तिच्या तेराव्या अध्यायात क्षेत्र आणि क्षेत्रज्ञ, म्हणजे जाणले जाणारे शरीर-मनादी सारे आणि त्याला जाणणारा, हा भेद विस्ताराने उलगडला आहे. चांगदेवांना उद्देशून लिहिलेल्या पासष्ट ओव्यांत ज्ञानदेव त्याच्याही पलीकडे जातात. पाहणारा, पाहिले जाणारे आणि पाहणे या तिघांच्या जुडग्याला वेदान्तात त्रिपुटी म्हणतात, आणि आरशाच्या दृष्टान्ताने तेथे असे सुचवले आहे की मुख आरशाच्या आधीही असतेच. आरसा पुढे आला म्हणजे एकाच मुखाचे पाहणारे आणि पाहिले जाणारे असे दोन झाल्याचा भास होतो, आणि आरसा बाजूला झाला म्हणून मुखाचे काही उणे होत नाही. वर्गातल्या कॅमेऱ्याला हा दृष्टान्त लावला तर निष्कर्ष असा निघतो की यंत्र शिक्षकाला साक्षी मिळवून देत नाही. ते एका नव्या दृश्याची भर घालते. पडद्यावर दिसतात ते हातवारे, आवाज, फळ्याकडे वळलेली पाठ, म्हणजे सारे क्षेत्रच. ते पाहणारा कोण, आणि तो कोणत्या नजरेने पाहतो आहे, हा प्रश्न चित्रणापूर्वी जेथे होता तेथेच नंतरही राहतो.

हा निव्वळ शब्दच्छल नाही, कारण दृश्याला द्रष्टा समजण्याची चूक वर्गखोल्यांतून रोज घडते. एका वस्तूवर दुसरीचे धर्म लादण्याला शंकराचार्यांनी अध्यास म्हटले. पहिल्यांदाच स्वतःचा तास पाहणाऱ्या शिक्षकाची नजर मुलांकडे जातच नाही. ती आपला आवाज, आपले पोट, आपली लकब यांवर खिळते, आणि ‘मी असा दिसतो?’ या एका प्रश्नात पुढचा अर्धा तास निघून जातो. फ्रान्सिस फुलर आणि ब्रॅड मॅनिंग यांनी १९७३ साली अशा आत्मदर्शनाच्या प्रयोगांचा आढावा घेतला तेव्हा त्यांनाही हेच आढळले की माणूस प्रथम आपले रूपच पाहतो, आणि योग्य मार्गदर्शन नसेल तर त्याच्या हाती ताणाखेरीज फारसे काही लागत नाही. याच अध्यासाची दुसरी तऱ्हा अधिक बोलकी आहे. ‘उपक्रमशील शिक्षक’ म्हणून नाव झालेला एखादा जण आपल्या चित्रफितींना मिळालेल्या पसंतीलाच अध्यापन समजू लागतो, मुलांकडून पाठांतर करून घेऊन तीन मिनिटांचा देखणा तुकडा तयार करतो, आणि पुढे तो तुकडा त्यालाच शिकवू लागतो की वर्ग कसा दिसला पाहिजे. लाज आणि फुशारकी ही येथे एकाच चुकीची दोन रूपे आहेत.

मग नोंदीचा काही उपयोगच नाही असे म्हणायचे काय? तसे म्हणता येत नाही, आणि त्याचा पुरावाही नेवाशातच आहे. ज्ञानदेव सांगत गेले आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतले, अशी परंपरा आहे. म्हणजे मराठीतला हा थोर ग्रंथ मुळात एका चालू असलेल्या अध्यापनाची नोंद आहे. नोंद असल्याच्या खुणा त्यात जागोजाग दिसतात. नवव्या अध्यायाच्या आरंभी वक्ता श्रोत्यांकडे अवधान मागतो, म्हणजे लक्ष मागतो, आणि लगेच आपल्या या मागण्यातल्या धिटाईबद्दल संकोचतो; तेराव्यात गुरुसेवेच्या वर्णनात रंगून गेल्यावर विषय लांबल्याचे त्याच्या ध्यानात येते आणि तो मूळ धागा पुन्हा हाती घेतो; मधूनमधून निवृत्तिनाथांचा आणि श्रोत्यांचा प्रतिसादही ऐकू येतो. एखाद्या शिस्तप्रिय संपादकाने ही वळणे छाटून निखळ सिद्धान्त ठेवला असता तर ग्रंथ आटोपशीर झाला असता, पण शिकवणे कसे घडते हे पुढच्यांना कळले नसते. येथे लक्षात घेण्याची गोष्ट अशी की शिकवणाऱ्याचे स्वतःकडे पाहणे शिकवण्याच्या आतच चालू आहे. त्याचे आत्मपरीक्षण लेखकाच्या बोरूची वाट पाहत थांबलेले नाही. नोंद त्या आत्मपरीक्षणाला जन्म देत नाही, ती त्याचा माग जपते. डिजिटल साधनांकडून जास्तीत जास्त एवढीच अपेक्षा करता येते, आणि ती लहान नाही.

काय टिपता येते आणि काय सुटते, याचा विचार करताना जिल्ह्यातले दुसरे एक स्थळ आठवणे अपरिहार्य आहे. नगरजवळच्या अरणगाव येथील मेहेराबादेत मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ रोजी मौन धरले आणि ३१ जानेवारी १९६९ रोजी देह ठेवीपर्यंत ते सोडले नाही. १९५४ पर्यंत अक्षरफलकावरच्या अक्षरांवर बोट फिरवून आणि त्यानंतर केवळ हातांच्या खुणांनी त्यांनी शिष्यांशी संवाद केला. त्यांची मूक चलच्चित्रे उपलब्ध आहेत, आणि त्यांत बोटांची चपळ हालचाल आणि चेहऱ्यावरचे भाव स्वच्छ दिसतात. परंतु शेजारी बसलेल्याला त्या खुणेतून जे मिळाले असे तो सांगतो, ते चित्रपटातून अनोळखी प्रेक्षकाला मिळेलच असे नाही, कारण त्या खुणेचा अर्थ खुणेत नव्हता, दोघांच्या दीर्घ सहवासात होता. अध्यात्माचे क्षेत्र सोडून द्यावे असे ज्यांना वाटते त्यांनी पहिलीचा कोणताही वर्ग पाहावा. रडवेल्या मुलाच्या खांद्यावर शिक्षिकेने क्षणभर हात ठेवला हे फितीत दिसते. त्याच मुलाचे वडील कारखान्यावर ऊसतोडीला गेले आहेत आणि कालपासून ते मूल आजीकडे राहते आहे, हे फितीत नसते. जो हे जाणतो त्यालाच तो हात म्हणजे अध्यापनाचा भाग वाटेल. जो जाणत नाही तो निरीक्षण तक्त्यात ‘वेळेचा अपव्यय’ असाही शेरा मारील.

म्हणून चित्रफीत कोणाबरोबर पाहायची हा प्रश्न ती कशी काढायची या प्रश्नाहून मोठा ठरतो. दुसऱ्याचे शिकवणे पाहून स्वतःचा मार्ग ठरवण्याची नगर शहराची परंपरा जुनी आहे. अमेरिकन मिशनच्या सिंथिया फॅरार या १८३९ पासून नगरला मुलींच्या शाळा चालवत होत्या. त्या शाळा पाहून मुलींच्या शिक्षणाची कल्पना आपल्या मनात दृढ झाली, असे जोतीराव फुले यांनी १८५३ साली ‘ज्ञानोदया’त प्रसिद्ध झालेल्या निवेदनात सांगितले आहे, आणि सावित्रीबाईंनी नगरलाच फॅरारबाईंकडे अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले असे त्यांचे चरित्रकार नोंदवतात. (‘ज्ञानोदय’ हे पत्रही १८४२ मध्ये नगरहूनच सुरू झाले होते, हे जाता जाता.) या भेटीत पाहणारा तपासनीस नव्हता आणि जिचा वर्ग पाहिला ती आरोपी नव्हती; पाहणाऱ्याला स्वतः शाळा काढायची होती म्हणून तो पाहत होता. पाहण्याचे हे अधिष्ठान असले म्हणजे दुसऱ्याचा वर्ग आपल्या वर्गावर प्रकाश टाकतो. १९९५ साली जर्मनी, जपान आणि अमेरिका या तीन देशांतील आठवीच्या गणिताचे २३१ तास चित्रित करून जेम्स स्टिगलर आणि सहकाऱ्यांनी तुलना केली, तेव्हा असे दिसले की प्रत्येक देशात तास घेण्याची एक ठरीव संहिता असते आणि तिच्यात वाढलेल्या शिक्षकाला ती संहिता म्हणून जाणवतच नाही. एका सुरातला होकार ही आपल्याकडील तशीच एक संहिता आहे. वेदान्ताच्या परिभाषेत याला संस्कार म्हणता येईल: पूर्वी केलेल्या क्रियांचा मनावर उरलेला असा ठसा, जो पुढच्या क्रिया आपल्या नकळत घडवतो. संस्कार स्वतःच्या डोळ्यांना दिसत नाही. तो उघडा पडायला दुसरी रीत शेजारी ठेवावी लागते.

तरीही समान हेतूचा सोबती मिळाला म्हणून सारे साधत नाही, आणि याबाबतीत सर्वांत नेमके मार्गदर्शन जैन परंपरेकडून मिळते. नगर हे महाराष्ट्रातील स्थानकवासी जैनांचे मोठे केंद्र; आचार्य आनंदऋषी यांचा जन्म याच जिल्ह्यातला, त्यांचे देहावसान १९९२ साली नगरला झाले, आणि पाथर्डीला त्यांच्या प्रेरणेने उभे राहिलेले धार्मिक परीक्षा मंडळ साधू-साध्वींच्या आणि श्रावकांच्या अध्ययनाची व्यवस्था पाहत आले. या परंपरेत प्रतिक्रमण हे नित्यकर्म आहे, म्हणजे दिवसभरातल्या आपल्या वर्तनावरून मागे फिरून जाणे आणि जेथे मर्यादा ओलांडली तेथून मनाने परतणे. त्याचाच एक भाग आलोचना, म्हणजे घडलेले दोष लपवाछपवी न करता गुरूपुढे मांडणे. आलोचना ऐकणाऱ्याच्या अंगी कोणते गुण असावेत याची यादी स्थानांगसूत्रात दिली आहे, आणि त्यांतला एक गुण आहे अपरिस्रावी असणे: ज्याच्यातून ऐकलेले पाझरत नाही असा. आलोचना करणारा स्वतःहून येतो, जो ऐकतो तो अधिकारी असतो, ऐकलेले बाहेर जात नाही, आणि त्यातून पुढे येते ते प्रायश्चित्त शुद्धीसाठी असते. चौकशीत यांपैकी एकही गोष्ट नसते. तेथे बोलावले जाते, नोंद फायलीत जाते आणि शेवट कारवाईत होतो.

वर्गाच्या चित्रणाचे आजचे चित्र या कसोटीवर घासले तर ते बहुधा चौकशीच्या बाजूला झुकलेले दिसते. शिक्षण परिषदेत दाखवण्यासाठी तासाची फीत मागवली जाते, ती केंद्राच्या ग्रुपवर पडते, तेथून तालुक्याच्या ग्रुपवर जाते, आणि दुपारपर्यंत अनोळखी माणसे तिच्यावर अंगठे उमटवून मोकळी होतात. पाझरण्यासाठीच जणू घडवलेल्या माध्यमावर आलोचना होऊ शकत नाही. अशा फितीत शिक्षक जे दाखवतो ते आधीच निवडलेले असते. ५२ वजा २७ बरोबर ३५ लिहिणारा मुलगा त्या चौकटीत कधीच येत नाही, कारण त्याला शेवटच्या बाकावर बसवलेले असते. त्यातून शिक्षकाचे जे नुकसान होते ते दोष उघडे पडण्यापेक्षा मोठे आहे. दोष झाकण्याची सवय एकदा जडली की शिक्षक एकटा असतानाही कॅमेऱ्यासाठीच शिकवू लागतो, आणि साक्षीभावाची जी थोडी शक्यता होती तीही प्रेक्षकभावाने गिळून टाकलेली असते.

आणखी एका पक्षाचा विचार अजून झालेला नाही, तो मुलांचा. अध्ययन पाहायचे तर कॅमेरा फळ्याच्या बाजूला ठेवून मुलांकडे वळवला पाहिजे, शिक्षकाकडे रोखून चालणार नाही. हे तत्त्वतः योग्य आणि व्यवहारात सर्वांत नाजूक आहे. वजाबाकी चुकलेल्या मुलाचा चेहरा शिक्षकाला उपयोगी आहे, पण ती चूक त्या मुलाची आहे आणि ती कायमची साठवली जावी असे त्याने कोणाला सांगितलेले नाही. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी भारताने २०२३ साली केलेल्या कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्तीला बालक मानून तिच्या माहितीच्या वापरासाठी पालकाच्या, पडताळून पाहता येईल अशा संमतीची तरतूद आहे. कायदा हा येथे किमान पायरी आहे. अहिंसेचा सूक्ष्म विचार करणाऱ्या परंपरेत दुसऱ्याच्या अज्ञानाचे प्रदर्शन ही हिंसाच ठरेल, आणि पालकाने फॉर्मवर सही केली म्हणून ती अहिंसा होत नाही.

तेव्हा संगमनेरची जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, अध्यापक विद्यालये आणि केंद्रप्रमुख यांच्यापुढे जे काम आहे ते नवे ॲप निवडण्याचे नाही. तासाची फीत तास घेणाऱ्या शिक्षकाच्या मालकीची राहील, त्याने मागितल्याशिवाय ती कोणी पाहणार नाही, मूल्यमापनाच्या किंवा पुरस्काराच्या प्रस्तावाला ती जोडली जाणार नाही, आणि काम झाल्यावर ती पुसली जाईल, एवढे त्यांनी लेखी द्यावे; मग दोन शिक्षक दारे लावून त्या तिसऱ्या रांगेतल्या वहीकडे पाहू शकतील. असे लेखी मिळेपर्यंत चित्रणाच्या साहित्यासाठी अनुदान मागण्याची घाई करू नये. त्याऐवजी केंद्रातल्या एका शिक्षकाने दुसऱ्याच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन तासभर बसावे. त्याला यजमान शिक्षकाच्या संमतीखेरीज काहीच लागत नाही.